तुम्ही विचारलंत म्हणून: दोन विमाने एकाच धावपट्टीवर येतात कशी?

विमानतळावरच्या कामाशी माझा संबंध आहे हे कळले की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: रडार आहे, संगणक आहेत, प्रत्येक विमानाशी रेडिओवर बोलणे चालू असते, तरीही दोन विमाने एकाच धावपट्टीवर येतातच कशी आणि ते थांबवायचे कसे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मोठ्या विमानतळांवर बहुतेक साधने आज उपलब्ध आहेत. त्यांतली काही फक्त हवा खराब असतानाच वापरायची, ही सवय मला सर्वांत धोक्याची वाटते.

टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी जे घडले, ते याच सवयीमुळे माझ्या मनातून जात नाही. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला नियंत्रकाने सांगितले की तुमचा क्रमांक पहिला आहे, होल्डिंग पॉइंटपर्यंत (म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंत) या. वैमानिकाने ते शब्द बरोबर परत उच्चारले, पण धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली असे समजून तो पुढे गेला आणि सुमारे चाळीस सेकंद तिथेच थांबला. मागून उतरणारे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण दगावले. त्या रात्री हवा स्वच्छ होती. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेले लाल दिवे, ज्यांना स्टॉप बार म्हणतात, त्या ठिकाणी देखभालीसाठी बंद होते आणि चालू असते तरी इतक्या चांगल्या दृश्यमानतेत ते लावण्याचा प्रघात नव्हता. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टी व्यापलेली असल्याची खूण दिसत होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही. त्यानंतर काही दिवसांतच तिथे तो पडदा सतत पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्यात आला. हे आधी का सुचले नाही, असे विचारणे सोपे आहे. पण एकाच वेळी अनेक विमानांशी बोलणाऱ्या माणसाने पडद्याकडेही टक लावून बसावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

होल्डिंग पॉइंटवर वैमानिकाला काय दिसते ते सांगतो, म्हणजे स्टॉप बारचे महत्त्व पटेल. टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे ये-जा करतात त्या रस्त्यावर, आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. कडेला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. दिवसा हे स्पष्ट दिसते, पण रात्री ओल्या डांबरावर पडलेल्या प्रकाशात रंग फिका पडतो. स्टॉप बारचे तांबडे दिवे मात्र थेट समोर पेटलेले असतात आणि परवानगी दिल्यावर नियंत्रकाने ते मालवायचे असतात. दिवे पेटलेले असताना रेडिओवर परवानगी ऐकू आली तरी थांबायचे आणि पुन्हा विचारायचे, असा नियम आहे. म्हणजे कानाने ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळल्याशिवाय विमान हलत नाही, आणि एकट्या माणसाच्या गैरसमजाने अपघात होण्याची वाट बंद होते.

हे दिवे चोवीस तास वापरले तर नियंत्रकाचे काम वाढते, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या काही विमानतळांवर त्यावर एक तोड काढलेली आहे: तिथे जमिनीवरच्या रडारच्या आधारे दिवे आपोआप पेटतात आणि नियंत्रकाला बटण दाबावे लागत नाही. खर्च मोठा आहे, हे मान्य. पण इटलीतल्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात वाट चुकलेले छोटे विमान धावपट्टीवर आले आणि ११८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा जुने जमिनीवरचे रडार बंद झालेले होते आणि नवे सुरू झालेले नव्हते. खर्च पुढे ढकलण्याची किंमत काय असते, ते तिथे दिसले.

लोक विमानांचाच विचार करतात, गाड्या विसरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेरूतल्या लिमा येथे सरावासाठी निघालेली अग्निशमन गाडी उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानासमोर आली आणि त्यात अग्निशमन दलाचे जवान मरण पावले. धावपट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत स्वतःची जागा पडद्यावर दाखवणारे यंत्र असावे आणि परवानगीचे शब्द चालकानेही परत उच्चारावेत, याला मी सवलत देणार नाही.

याहून मूलभूत उपाय म्हणजे धावपट्टी ओलांडण्याची वेळच कमी आणणे. अटलांटा आणि डॅलस-फोर्ट वर्थ येथे धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून जाणारे टॅक्सीवे बांधले आहेत. अंतर वाढते, इंधन थोडे जास्त जळते, वैमानिक कधी कुरकुरतात. पण ज्या विमानाला धावपट्टी ओलांडायचीच नाही, त्याला परवानगी चुकीची ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या विमानतळांवर अशी जागा क्वचितच असते. तिथे निदान ज्या वळणांवर वैमानिक पुन्हा पुन्हा गोंधळतात, ती नकाशावर ठळक दाखवावीत आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक प्रसंगाची नोंद, कुणालाही शिक्षा न करता, मागवून घ्यावी.