बल कुणाचं? दिशा कुठली?

‘शाळेच्या आठवणी लिहून पाठवा’ असा निरोप आला आणि त्याच रात्री लिहायला बसलो. स्नेहसंमेलन, ग्राउंड, सिंहगडाची सहल यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त विज्ञानाच्या बाईंवर लिहिणार. संपादक मंडळाला कात्री चालवायचीच असेल तर ती माझ्या कौतुकावर चालवावी, बाईंच्या नाही.

नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आला, तेव्हा बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. जुन्या काचसामानाचं लाकडी खोकं, दोरी आणि ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, घेऊन अख्खी तुकडी मागच्या व्हरांड्यात नेली. ताणकाट्यावर किलोच्या खुणा होत्या. त्यावर बाईंनी कागदाची पट्टी डकवून निळ्या शाईनं न्यूटनचे आकडे लिहिले होते. किलो हे वस्तुमान आणि तुम्ही ओढता ते बल, या दोन्हींची खिचडी त्यांना अजिबात चालायची नाही.

दोरी तिरकी धरून खोकं शहाबादी फरशीवरून हळूहळू, एका वेगानं ओढायचं. काटा ४० न्यूटनवर, कंपासमधल्या कोनमापकानं दोरीचा फरशीशी कोन ६० अंश आणि अंतर ३ मीटर. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून आमच्यातल्या हुशारांनी लगेच ४० गुणिले ३ करून १२० ज्यूल सांगितलं. बाई नुसत्या हसल्या. “खोकं सरकलं कुठं? आडवं. मग तुमच्या ४० मधलं आडवं किती?” त्रिकोणमितीतला कॉस थीटा आम्हाला तोवर भेटलेला नव्हता. बाईंनी खडूनं फरशीवरच काटकोन त्रिकोण काढला. भूमितीच्या तासाला घोकलेलं ३०-६०-९० चं प्रमेय तिथं उपयोगी पडलं: ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणजे आडवं बल २० न्यूटन आणि कार्य ६० ज्यूल. वेग बदलत नव्हता, म्हणजे घर्षणही उलट्या दिशेनं २० न्यूटनच. त्याचं कार्य उणे ६०. एकूण शून्य! घाम पुसणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेवढ्यात शिपाईमामा पाण्याची कळशी घेऊन व्हरांड्यातून गेले. बाई म्हणाल्या, “मामा आत्ता कळशी वर उचलून धरतायत आणि चालतायत आडवे. त्या उचलण्याच्या बलाचं कार्य शून्य.” मामा थबकले. “म्हंजे बाई, मी दिवसभर काहीच करत नाही व्हय?” वर्गात हशा. बाई मात्र गंभीर. दमतं ते शरीर, स्नायू आतल्या आत राबतात. आपण हिशेब मांडतोय तो कळशीवरच्या कार्याचा, हे त्यांनी मामांना नीट समजावलं. मग मामांसाठीच जिन्याचं गणित घातलं: १० किलोची कळशी म्हणजे ९८ न्यूटन वजन, ४ मीटर उंची, ३९२ ज्यूल. जिना सरळ असो की वळणाचा, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तेवढंच. मामा खूश होऊन गेले.

आज भोसरीत माझा छोटा कारखाना आहे. आम्ही गोदामांसाठी हातगाड्या आणि ट्रॉल्या बनवतो. दांडा किती उंच ठेवायचा, यावर नव्या पोरांशी रोज वाद. दांडा ढकलताना बल खालच्या दिशेनंही जात असेल, तर तेवढा भार फरशीवर वाढतो आणि घर्षणही वाढतं. ओढताना वर जात असेल तर कमी होतं. नकाशा समोर आला की पहिला प्रश्न मी बाईंचाच विचारतो: बल कुणाचं, दिशा कुठली? डिग्रीवाल्यांचीही इथं दांडी उडते. सूत्र पाठ असतं, कोन कशाकशातला ते विचारलं की गप्प.

परवा शाळेत डोकावलो. मागचा व्हरांडा बंदिस्त करून तिथं संगणक कक्ष झालाय. शहाबादी जाऊन चकचकीत टाइल्स आल्यात. खोकं ओढलं तर काटा निम्म्यावरही जायचा नाही. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप होतं. नव्या इमारतीचं कौतुक इतरांनी करावं, मला ते जमणार नाही.

मुख्याध्यापकांना विनंती: प्रयोगशाळेला ताणकाटे हवे असतील तर कळवा, कारखान्यातून पाठवतो. न्यूटनच्या खुणांचेच पाठवीन. किलोचे बाईंना दिसले तर माझी धडगत नाही.