कृष्णेतनं थेट समुद्रात: होबी १६ चा माझा अनुभव

सांगलीवाडीच्या पोराला होडी काही नवीन नसते, पावसाळ्यात कृष्णेत शर्यती लागल्या की आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि मी स्वतः त्यात वल्हं मारत आलोय, पण होबी १६ ही शिडाची रेसिंग बोट म्हणजे प्रकरणच वेगळं. दोन अरुंद हल (पाण्यावर तरंगणारी बोटीची अंगं), मधे बसायला ताणून बसवलेलं कापड म्हणजे ट्रॅम्पोलिन, लांबी ५ मीटरच्या जरा वर, वजन १४५ किलोच्या आसपास आणि वल्हं नाहीच, सगळा खेळ शिडाचा. आमचे स्किपर, म्हणजे सुकाणू धरणारे, आप्पा, मूळचे मिरजेचे, नेव्हीतनं रिटायर झालेले. त्यांना मुंबईच्या चॅम्पियनशिपसाठी क्रू, म्हणजे बोटीवरचा दुसरा जोडीदार, पाहिजे होता, मला विचारलं, मी लगेच हो म्हणलं.

क्रूला ट्रॅपीझवर लटकायचं असतं, म्हणजे हार्नेसचा हुक डोलकाठीवरनं आलेल्या वायरच्या रिंगमधे अडकवायचा, पाय हलच्या कडेला आणि सगळं अंग पाण्यावर बाहेर. तालमीत घोटलेलं पोट आणि पाठ इथं लई कामाला आली. मग वजन. दोघांचं मिळून कमीत कमी १२९ किलो लागतं, मंद वाऱ्यात हलक्या जोडीला फुकटचा फायदा मिळू नये म्हणून, आम्ही भरलो १२४, त्यामुळं उरलेल्या वजनाचं शिसं बोटीवर बांधून न्यावं लागलं.

होबी १६ ला सेंटरबोर्ड (मधनं पाण्यात सोडायची फळी) नसतो, त्यामुळं टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातनं पलीकडं वळवताना, ती अडते. जीब, म्हणजे पुढचं लहान शीड, लगेच सोडायची नाही, उलट्या बाजूनं तिच्यात वारा भरू द्यायचा, त्यानं नाक पलीकडं ढकललं की मगच दुसऱ्या बाजूला ओढायची. घाई केली की बोट वाऱ्याकडं तोंड करून उभी राहते आणि मागं सरकायला लागते. आप्पा एकच शब्द ओरडायचे, "थांब... थांब... आता!"

एका रेसमधे जोराचा झोत आला, खालच्या हलचं नाक पाण्यात घुसलं आणि बोट पुढच्या पुढं पलटी, मी वायरसकट शिडाच्या पलीकडं. खारं पाणी नाकातोंडात. पण आप्पा एकदम शांत, "आधी नाक वाऱ्याकडं वळव." मग दोरी वरच्या हलवरनं टाकली, दोघं खालच्या हलवर उभं राहून पाठीवर रेललो, शिडाखाली वारा शिरला आणि डोलकाठी हळूहळू उचलली गेली.

मला खरं सांगायचंय ते ओहोटीचं. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी ४ मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळं बंदरात धार चांगलीच लागते. दुपारी वारा वायव्येकडनं, ओहोटी समोरनं, आणि बऱ्याच बोटी मधल्या खोल पाण्यात गेलेल्या. मी बॉयाकडं, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेकडं, बघितलं, त्याच्यामागं पाण्याची शेपटी पडलेली, आपल्याकडं पुलाच्या खांबामागं पडते तशीच. म्हणलं, आप्पा, काठाला चला, तिथं धार ढिली असणार. कृष्णेत उलट्या धारेला आम्ही कायम काठ धरूनच जातो. त्यांनी दोन क्षण विचार केला आणि बोट वळवली. मार्कच्या (वळसा घालायच्या खुणेच्या) जवळ पण सरळ नेम धरला नाही, धार खाली ढकलणार म्हणून जरा वर जाऊनच वळलो. त्या रेसला आम्ही पुढच्या गटात आलो, मला अजून बरं वाटतं.

गुणांची पद्धत उलटी, पहिल्याला १, दुसऱ्याला २, ज्याचे कमी तो जिंकला, आणि ठराविक रेसेस झाल्या की सगळ्यात वाईट एक वगळतात, आमची पलटीवाली त्यात गेली. शेवटी आम्ही मधल्या फळीत.

आप्पांच्या ओळखीत अजून स्किपर आहेत ज्यांना क्रू मिळत नाही. सांगलीवाडी, डिग्रज, समडोळीच्या वल्हं मारणाऱ्या पोरांनी जरूर यावं, पोहता आलं पाहिजे, लाइफ जॅकेट अंगावरनं काढायचं नाही आणि वजन साठ-पासष्ट किलो असलं तर उत्तमच. शीड शिकता येतं, धार वाचायला तुम्हाला आधीपासूनच येते.