४५ दिवसांचं लॅब्रॅडॉर घेण्याआधी

घरात मोठा कुत्रा आणायचा म्हटलं की बहुतेक जण लॅब्रॅडॉरवर येऊन थांबतात. निवड वाईट नाही: माणसाळू जात, मुलांत रमते, पटकन शिकते. पण वाढ झालेला नर ३० ते ३५ किलोचा होतो, पहिली दोन वर्षं हाती लागेल ते चावतो आणि रोज किमान तासभर फिरवावा लागतो. एवढं झेपणार असेल, तर पिल्लाच्या आधी त्याचे आई-बाप बघा.

कारण लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या तिन्ही जातींना खुब्याच्या दुखण्याचा, हिप डिस्प्लेशियाचा धोका असतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, हलत राहतो आणि सांधा झिजतो. टोपलीत लोळणाऱ्या पिल्लाकडे बघून हे कळायचं नाही. अंदाज येतो तो आई-बापाच्या एक्स-रेवरून. वाढ पूर्ण झाल्यावर, गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून तो काढतात. अहवालात ए ते ई अशी श्रेणी असेल, तर ए किंवा बी हवी. त्यानेही खात्री मिळत नाही, धोका कमी होतो. विकणाऱ्याकडून ‘आमच्या लाइनमध्ये (वंशात) असलं काही नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर तपासणी झालेली नाही असं समजा.

दुसरी गोष्ट वयाची. बाजारात ‘४५ दिवसांचं’ म्हणून सर्रास पिल्लं विकतात आणि त्यातली काही महिन्याभराचीच असतात. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. वयाची शंका आली तर पिल्लाचा ओठ उचलून दात मोजा. ८ आठवड्यांना वर १४, खाली १४ असे २८ दुधाचे दात साधारणपणे आलेले असतात. मागचे दात आलेच नसतील, तर पिल्लू सांगितलेल्या वयापेक्षा लहान असण्याची दाट शक्यता आहे. ८ आठवडे होईपर्यंत भावंडांत राहण्याचे हे दिवस वाया जात नाहीत. मस्तीत भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. चाव्याचा जोर आवरायला पिल्लू तिथेच शिकतं. ते तुम्हाला घरी शिकवायला गेलं तर फार जड जातं.

आईला तिच्या जागेवर, पिल्लांसोबत बघा. बाप दुसऱ्या शहरातला असू शकतो, ते चालतं. आई ‘गावाला पाठवलीय’, हे चालत नाही. हायवेवर गाडीतून पिल्लू हातात देतो म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. तिथली पिल्लं कुठून आली कळत नाही आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून उलट्या-जुलाब सुरू होईपर्यंत ३ ते ७ दिवस जातात. म्हणजे उड्या मारणारं पिल्लू घरी येतं आणि आठवड्याच्या आत सलाइनवर जातं.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर म्हणजे वंशावळीची नोंद, तब्येतीची हमी नव्हे. पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर रीडरने वाचून कागदाशी जुळवा. ‘पेपर नंतर पाठवतो’ म्हणाला, तर पैसेही नंतर द्या.

चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: दिवसभर घरी कोण असतं, सोसायटीची लिफ्ट चालते का, पुढे जमलं नाही तर कुत्रा परत माझ्याकडेच आणाल ना? पुढच्या वेतापर्यंत थांबायला सांगितलं तर थांबा.

घरी आल्यावर पहिला आठवडा तिथलंच खाणं चालू ठेवा. कॅल्शियमचं सिरप मात्र स्वतःहून पाजू नका. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना जादा कॅल्शियम शोषणं आवरता येत नाही आणि हाडं बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं असेल, तर लागतं तेवढं त्यात असतं. आणि गुळगुळीत फरशीवर, ते जिथे धावतं तिथे, पाय घसरू नयेत म्हणून सतरंजी अंथरा.