अँटीव्हायरस गप्प असला तरी कॉम्प्युटरमध्ये कोणी असू शकतं

कर्सर आपोआप हलला की लोक घाबरतात. पण त्यामागे बहुतेक वेळा टचपॅडवरची ओल किंवा माउसच्या सेन्सरवर अडकलेला केस असतो. बाहेरून शिरलेला माणूस कर्सर नुसता थरथरवत नाही, तो विंडो उघडतो, टाइप करतो. असं डोळ्यांदेखत घडत असेल तर लगेच वाय-फाय बंद करा, लॅनची वायर काढा आणि मग तपासायला बसा.

विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या विंडोजच्या स्वतःच्या सुविधेने, शिरण्याची सोयच नसते. त्यामुळे घरच्या मशीनवर संशय आधी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांच्यावर घ्यावा. दुरून कॉम्प्युटर चालवू देणारी ही रीतसर सॉफ्टवेअर असल्यामुळे अँटीव्हायरस सहसा हूं की चूं करत नाही. फोनवर 'मदत' करणाऱ्याने जाता जाता त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल, तर पुढच्या वेळी तुमची परवानगी विचारलीच जात नाही.

इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी बघा, पण तिच्यावर विसंबू नका. एनीडेस्क इन्स्टॉल न करताही चालतं आणि मग यादीत दिसत नाही. त्याची 'कनेक्शन ट्रेस' नावाची टेक्स्ट फाइल शोधा. इन्स्टॉल केलेलं असेल तर ती प्रोग्रॅमडेटामधल्या एनीडेस्क फोल्डरमध्ये असते, नसेल तर युजरच्या ॲपडेटा-रोमिंगमध्ये. दोन्ही फोल्डर लपवलेले असतात, आधी 'हिडन आयटम्स' दाखवायला लावा. फाइलमध्ये तारीख, वेळ आणि समोरच्याचा आयडी असतो. 'युजर' लिहिलं असेल तर या बाजूला कोणीतरी 'ॲक्सेप्ट' दाबलं आहे. 'पासवर्ड' किंवा 'टोकन' (आधीच्या लॉगिनची जपून ठेवलेली खूण) असेल तर न विचारता प्रवेश झाला आहे, आणि खरी काळजी तिथे आहे. टीमव्ह्यूअरची अशीच 'कनेक्शन्स इनकमिंग' फाइल त्याच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्ये सापडते.

प्रो आवृत्ती असेल तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट 4624, म्हणजे यशस्वी लॉगऑनची नोंद, गाळून बघा. तो शेकड्यांनी दिसेल, घाबरू नका. लॉगऑन टाइप 5 म्हणजे विंडोजच्या सेवा, 2 म्हणजे समोर बसलेला माणूस. रिमोट डेस्कटॉपचा टाइप 10, आणि त्याच नोंदीत समोरचा आयपी पत्ताही मिळतो.

लोक नेटस्टॅट (चालू नेटवर्क कनेक्शनची यादी दाखवणारी कमांड) चालवतात आणि 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे जोडलेलं, असं दिसलं की हादरतात. ब्राउझर एकटाच अशी डझनावारी कनेक्शन उघडतो. रिमोट सॉफ्टवेअरही कोणी बघत नसताना आपल्या सर्व्हरशी जोडलेलं राहतं. म्हणून त्यावरून निकाल देऊ नये, लॉग पाहावा.

अनोळखी नोंद सापडली तर फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला, सुरुवात ईमेलपासून. सगळीकडून साइन आउट करा. सॉफ्टवेअर काढा, ॲडमिनिस्ट्रेटर गटात नवा युजर घुसवला आहे का तेही बघा. त्या माणसाच्या हाती ॲडमिनचे अधिकार गेले असतील तर साफसफाईत वेळ घालवू नका, फक्त फोटो-कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका.