शंभराव्या पट्टीचं भोक

“सकाळी मशीन सोन्यासारखं चालतं. संध्याकाळ झाली की बटन भोकात बसत नाही.”

मरोळ एमआयडीसीतल्या गाळ्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या मालकांनी मला हे सांगितलं. जुलैतली सकाळ होती. साकीनाक्याला पाणी भरल्याचं कळल्यामुळे मी घाटकोपरहून मेट्रो धरली होती आणि मरोळ नाक्याला उतरून छत्री सांभाळत चालत आलो होतो. लॅपटॉप आणि वायरीतला सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते.

त्या गाळ्यात लिफ्टमधल्या बटनांच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बनतात. टेबल बॉलस्क्रूवर, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर, सरकतं आणि वरून ड्रिल उतरतं. एका पट्टीला १२ भोकं पाडली की टेबल परत मूळ जागी येतं. दोन महिन्यांपूर्वी या मशीनचा सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा डबा, जळला. त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं, म्हणून दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह आणि मोटर बसवली. ड्राइव्हला हुकूम देणारा कंट्रोलर मात्र जुनाच ठेवला, कारण सगळ्या पट्ट्यांचे प्रोग्रॅम त्यात होते. निर्णय योग्यच होता. माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी निम्मी तरी अशीच असतात: कंट्रोलर एकाचा, ड्राइव्ह दुसऱ्याचा.

मी जायच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं येऊन गेली होती. कंट्रोलरवाल्यांनी दाखवलं, की प्रत्येक फेरीनंतर आकडा बरोबर शून्यावर येतो. ड्राइव्हवाल्यांनी दाखवलं, की एकही अलार्म नाही आणि मोटर हुकूम चोख पाळते. दोघंही खरंच बोलत होते. मधल्या चार वायरी मात्र कोणाच्याच नव्हत्या. गर्मीचा संशय घेऊन मालकांनी पॅनेलला एसीही बसवून घेतला. फरक पडला नाही.

मला वाट दाखवली ती ऑपरेटर मामांनी. गेली २० वर्षं ते याच मशीनवर आहेत. भोकं सरकायला लागल्यापासून त्यांनी प्रत्येक पट्टीच्या मागे मार्करने नंबर टाकला होता. शिवाय शाळेच्या वहीत रोजचा हिशोब लिहिला होता: कितव्या पट्टीला व्हर्नियरवर किती फरक. मी ती वही उघडली आणि तिथंच बसून पूर्ण वाचली. शंभराव्या पट्टीला अर्धा मिलिमीटर, सत्तराव्या पट्टीला त्याहून कमी, आणि एक दिवस माल कमी होता म्हणून फक्त ५० पट्ट्या निघाल्या, त्या दिवशी संध्याकाळी पाव मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी होमिंग केलं, म्हणजे टेबलाला मूळ जागा नव्याने शोधायला लावली, की पुन्हा शून्य.

“साहेब, हे गर्मीचं नाही,” मामा म्हणाले. “हे मोजणीचं आहे.”

दर पट्टीला ५ मायक्रॉन. सरळ रेषेत वाढणारी चूक मोटर आणि स्क्रूला जोडणारं कपलिंग घसरल्याने येत नाही. कपलिंग घसरतं तेव्हा कधी थोडं घसरतं, कधी जास्त, त्याला शिस्त नसते.

मॅग्नेटिक बेसवर डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल सुईवर दाखवणारं मापक, लावला आणि ड्रिल बंद ठेवून टेबलाच्या १०० फेऱ्या मारल्या, प्रत्येक ६०० मिलिमीटरची. गेजवर ०.५० आलं. मग होमिंग करून पुन्हा १०० फेऱ्या, या वेळी फक्त २० मिलिमीटरच्या. टेबल जागच्या जागी थरथरल्यासारखं पुढेमागे होत होतं. गेजवर पुन्हा ०.५०. अंतर तिसाव्या हिश्शावर आलं तरी चूक तेवढीच. म्हणजे चूक अंतरात नव्हती, वळण्यात होती.

या ड्राइव्हच्या छोट्या डिस्प्लेवर, कंट्रोलरकडून आलेले हुकमी पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजणारा एक आकडा बघता येतो. बरेचदा कोणी तिकडे जात नाही, कारण मेन्यूत तो खूप आत असतो. मी तो काढला. कंट्रोलर म्हणत होता ०. ड्राइव्ह म्हणत होता वजा २००. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा मालक खुर्चीतून उठून आले. शंभर फेऱ्या, दोनशे पल्स. दर फेरीला नेमके दोन.

दोन का, हे समजायला थोडं थांबावं लागतं. या मशीनला दोन सिग्नल जातात. पल्स म्हणजे एक पाऊल आणि दिशा म्हणजे कुठल्या बाजूला. मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर २३ बिटचा, मोटरच्या एका फेऱ्याला ८३,८८,६०८ काउंट. पण इलेक्ट्रॉनिक गिअर असा लावलेला, की कंट्रोलरच्या २,००० पल्समध्ये मोटरचा एक फेरा व्हावा. स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, ५ मिलिमीटर, म्हणून एक पल्स अडीच मायक्रॉनचा. आता वळताना दिशेचा सिग्नल ड्राइव्हपर्यंत उशिरा पोचला, तर पुढे जायचा पहिला पल्स मागे मोजला जातो. एक पाऊल पुढे पडायचं ते मागे पडलं, म्हणजे फरक दोन पावलांचा. सुरुवातीला पल्स संथ असतात, दुसरा येईपर्यंत दिशा पोचलेली असते, म्हणून चूक पहिल्याच पल्सची होते. दोन्ही वळणांवर अशीच चूक झाली असती तर ती आपोआप फिटली असती. इथे फिटत नव्हती, म्हणजे दिशेचा सिग्नल एका बाजूला वळतानाच उशीर करत होता.

पॅनेल उघडलं. जुना ड्राइव्ह २४ व्होल्टचे पल्स थेट घ्यायचा. नव्यातले सिग्नल प्रकाशाच्या मदतीने आत घेणारे ऑप्टोकपलर ५ व्होल्टचे, त्यामुळे मध्ये रेझिस्टर लावावा लागतो. पल्सच्या वायरीत लाल-लाल-लाल पट्ट्यांचा होता, २.२ के, म्हणजे २,२०० ओहम. दिशेच्या वायरीवरची हीटश्रिंकची नळी ब्लेडने चिरली. आत पिवळा-जांभळा-लाल. ४.७ के.

मी टॉर्च मामांच्या हातात दिला आणि पुन्हा पाहिलं. ४.७ केमधून जेमतेम पावणेपाच मिलिअँपिअर जातात. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये किमान ७ मागितलेत. इतक्या कमी करंटवर ऑप्टोकपलर चालू व्हायला वेळ घेतो, बंद मात्र वेळेवर होतो. म्हणून चूक एकाच बाजूला. ऑसिलोस्कोपवर दिशा बदलल्यानंतर अवघ्या २ मायक्रोसेकंदांनी पहिला पल्स निघताना दिसला. मॅन्युअल निदान ५ मागतं.

इथे मी घाई केली नाही. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर दोष नक्की कशात होता ते कळत नाही, आणि मला ते कळायलाच हवं असतं. आधी फक्त रेझिस्टर बदलला. माझ्या डब्यात लॅमिंग्टन रोडवरून आणलेले अर्ध्या वॅटचे २.२ के कायम असतात. पाव वॅटचा इथे लावू नये, २४ व्होल्टवर तो चांगलाच तापतो. १०० फेऱ्या मारल्या. ड्राइव्हचा आकडा ०, डायलची सुई जागेवर.

पण २ मायक्रोसेकंदांवर चालणं म्हणजे त्या दिवशी चाललं इतकंच. ऑप्टोकपलर जुना होत जातो तसा मंदावतो. म्हणून कंट्रोलरमधला दिशेचा आगाऊ वेळ, म्हणजे पहिल्या पल्सच्या किती आधी दिशा पाठवायची ते, २० मायक्रोसेकंद केला आणि या वेळी २०० फेऱ्या मारल्या. सुई हलली नाही.

मालकांनी विचारलं, इथरकॅटवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून हुकूम पाठवण्याच्या पद्धतीवर, गेलो तर ही कटकट संपेल का? ही संपेल. तिथे पल्स नसतात, साधारण दर मिलिसेकंदाला जागेचा आकडाच ड्राइव्हला जातो आणि एखादा चुकला तर पुढचा तो दुरुस्त करतो. पण दोन कंपन्यांचा माल जोडायचा म्हटला, की तिथेही एका फेऱ्याला किती काउंट हे दोन्हीकडे सारखं आहे ना, ते कोणीतरी स्वतः बसून तपासावं लागतं.

निघायच्या आधी पॅनेलच्या दाराच्या आतून मार्करने लिहिलं: पल्स व दिशा दोन्ही २.२ के, अर्धा वॅट. दिशा आगाऊ २० मायक्रोसेकंद. खाली तारीख टाकली. मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग नवी पट्टी टेबलावर ठेवण्याआधी ती उलटी केली आणि मागे नंबर टाकला, १.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. पाठीमागे ड्रिलचा आवाज होता. “साहेब, एकशे चार झाल्या. सगळ्यांत बटन बसलं.”