निळ्या हातमोज्याचे १७ ग्रॅम

आमच्या वेंगुर्ल्याकडे ‘बोटीवर असतो’ एवढे सांगितले की पुढे कोणी फारसे विचारत नाही, कारण प्रत्येक वाडीत बोटीवरचा एखादा तरी असतोच. मीही बोटीवर असतो. पंधरा वर्षे इंजिन रूममध्ये काढल्यानंतर गेली सहा वर्षे मी एका मोठ्या प्रवासी जहाजावर एन्व्हायर्नमेंटल ऑफिसर म्हणून काम करतो. जहाजातून समुद्रात, हवेत आणि बंदरात जे जे बाहेर पडते, त्याचा हिशेब ठेवणे हे माझे काम. गेल्या उन्हाळी हंगामातली एक रात्र आणि त्यानंतरची सकाळ माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून ती सविस्तर लिहून काढतो आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की या अधिकाऱ्याचा दिवस समुद्राकडे बघण्यात जात असेल. प्रत्यक्षात तो जातो सिलांचे नंबर तपासण्यात. ज्या व्हॉल्व्हमधून काहीही समुद्रात जाऊ शकते, त्या प्रत्येक व्हॉल्व्हवर नंबर असलेले सील असते. ते कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने तोडले आणि नवे कोणत्या नंबरचे लावले, याची नोंद वहीत असावी लागते. तेलमिश्रित पाण्यासाठी १५ पीपीएमची (दहा लाख भागांत १५ भाग तेल) मर्यादा, सांडपाण्यासाठी किनाऱ्यापासूनचे वेगळे अंतर, अन्नाच्या कचऱ्यासाठी आणखी वेगळे अंतर, आणि प्लास्टिकसाठी जगात कुठेही, कोणत्याही अंतरावर परवानगी नाही. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचा हा शेवटचा नियम सर्वांत सोपा आहे आणि पाळायला सर्वांत अवघड.

अवघड का, ते गार्बेज रूममध्ये उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी धरून सात हजारांच्या आसपास माणसे असतात. बुफेवरून परत येणाऱ्या ताटांमध्ये अर्धवट खाल्लेल्या अन्नाबरोबर लोण्याच्या पुड्यांचे चांदीचे कागद, दुधाच्या इवल्याशा डब्यांची झाकणे, दात कोरायच्या काड्या, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि कधी कधी लहान मुलांची खेळणीसुद्धा असतात. समोर पाटी असूनही ताटातला कचरा वेगळा ठेवण्याचे कष्ट बहुतेक प्रवासी घेत नाहीत. आपण पैसे मोजले आहेत, निवडण्याचे काम दुसऱ्याचे आहे, अशी त्यांची पक्की समजूत असते, आणि ती घालवण्याचा प्रयत्न कोणतीही कंपनी मनापासून करत नाही. ते निवडणारा दुसरा म्हणजे पल्परसमोर उभा असलेला गॅलीतला (जहाजाच्या स्वयंपाकघरातला) पोरगा.

पल्पर म्हणजे पोलादी पन्हळीच्या टोकाला बसवलेले दळण्याचे यंत्र. पन्हळीतून सतत पाणी वाहत असते, त्यात उष्टे ढकलायचे. यंत्र ते दळून लगद्यासारखे करते आणि तो लगदा पाइपमधून खालच्या टाकीत जातो. भूमध्य समुद्र अन्नकचऱ्याच्या नियमांत विशेष क्षेत्र असल्यामुळे तिथे हे अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक केलेले हवे आणि जहाज सर्वांत जवळच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे (सुमारे २२ किलोमीटर), चालत्या स्थितीत हवे. पन्हळीसमोरच्या पोराच्या हाताखालून एका पाळीत किती ताटे जातात, हे मी एकदा मोजायला उभा राहिलो होतो आणि एका तासानंतर मोजणे सोडून दिले.

या धंद्याची वाढ लोक प्रवाशांच्या आकड्यांत सांगतात. २०१९ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ९७ लाख लोकांनी क्रूझचा प्रवास केला. मधल्या महामारीत जहाजे नांगर टाकून उभी राहिली, आणि २०२४ पर्यंत आकडा ३ कोटी ४६ लाखांवर गेला. १९८८ मध्ये ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ हे सुमारे ७३ हजार ग्रॉस टनांचे जहाज आले, तेव्हा ते प्रवासी जहाजांमधले अजस्र मानले गेले. २०२४ च्या जानेवारीत निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ २ लाख ४८ हजार ६६३ ग्रॉस टनांचे आहे. ग्रॉस टन हे वजन नसून जहाजाच्या बंदिस्त जागेचे माप आहे, आणि त्या वाढलेल्या जागेत काय काय बसवले ते जाहिरातींत दिसते. मी ज्या जहाजांवर काम केले, तिथे वाढली नाही ती गार्बेज रूमची जागा आणि पन्हळीसमोरच्या माणसांची संख्या. जहाजाचा नकाशा काढणाऱ्याने एक पाळी तिथे उभे राहावे, असे मला नेहमी वाटते.

त्या संध्याकाळी आम्ही सहा वाजता रोमजवळच्या चिविताव्हेकिया बंदरातून निघालो होतो. पुढचा पूर्ण दिवस समुद्रात आणि परवा बार्सिलोना. वाटेत कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधली बोनिफाचोची सामुद्रधुनी लागते. ती जेमतेम ११ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे तिथे १२ मैलांचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे अन्नकचरा सोडण्यासाठी इटलीचा किनारा मागे पडल्यापासून सार्डिनिया जवळ येईपर्यंत काही तास मिळतात; ते संपले की सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या मोकळ्या समुद्रात सकाळी सहाच्या सुमारास पुन्हा संधी मिळते. ब्रिजने, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या अधिकाऱ्यांनी, साडेनऊला परवानगी दिली, सील तोडले, पंप सुरू झाला. माझी त्यावर सही आहे. नंतर मी झोपायला गेलो.

पहाटे पावणेसहाला मी गार्बेज रूमच्या फेरीला निघालो, तेव्हा दाराबाहेर गॅलीतला एक पोरगा उभा होता. मालवणजवळचा, वय तेवीस, दुसरे कॉन्ट्रॅक्ट. पाळी रात्री एकला संपूनही तो झोपला नव्हता. इतरांसमोर तो मला ‘सर’ म्हणत असे. त्या वेळी आजूबाजूला कोणी नव्हते.

“साहेब, माझो हातमोजो मशिनीत गेलो,” तो म्हणाला. “मी तेव्हाच सांगितलंय.”

त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. ताटातली फुटलेल्या ग्लासची काच त्याला लागली होती. जखम बघायला त्याने मोजा अर्धवट उतरवला, आणि पाण्याने तो ओढून नेला. त्याने लाल बटण दाबून यंत्र थांबवले आणि सुपरवायझरला बोलावले. मी दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले, मग कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. २२:३६ ला बटण दाबलेले दिसते. २२:४० ला सुपरवायझर येतो, पन्हळीत वाकून बघतो, पोराशी काही बोलतो. २२:४१ ला यंत्र पुन्हा सुरू होते. भिंतीवरचा फोन दोन पावलांवर आहे. तो उचलून इंजिन कंट्रोल रूमला ‘पंप थांबवा’ असे सांगितले असते, तर दळलेला मोजा टाकीतच राहिला असता, आणि ती टाकी आम्ही गाळून वेगळी काढली असती. पंप ००:०५ पर्यंत चालू होता.

सुपरवायझर वाईट माणूस नाही, आणि हे मी भीड म्हणून लिहीत नाही. टाकी ९० टक्क्यांच्या वर भरली होती. पंप थांबवला असता तर मध्यरात्रीच्या आतच टाकी भरून पल्पर बंद करावा लागला असता आणि सकाळपर्यंतचे सारे उष्टे पिंपांत भरून थंड खोलीत ठेवावे लागले असते. शिवाय असे संशयित अन्न बंदरात उतरवणे स्वस्त नसते: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या जहाजांवरचा अन्नकचरा तिथल्या कायद्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतो, त्याची विल्हेवाट ठरलेल्या पद्धतीनेच लावावी लागते आणि त्याचे बिल जहाजाच्या नावावर चढते. आदल्याच महिन्यात अशा बिलावरून त्याला बोलणी खावी लागली होती. हे सगळे मला ठाऊक आहे, तरीही फोन दोन पावलांवर होता.

आम्ही पल्पर उघडला. पात्यांभोवती मोज्याचा मनगटाकडचा भाग पिळून बसला होता. निळा, जाड, कोपरापर्यंत येणारा मोजा. अंगठा शाबूत, तर्जनी अर्धी, बाकीची बोटे नाहीत. तुटलेली कड सरळ कापलेली नव्हती, ती चावल्यासारखी दातेरी होती. कृत्रिम रबराचा मोजाही नियमात प्लास्टिकच. किती गेले हे सांगता यायला हवे, म्हणून मी पेस्ट्रीच्या विभागातून यीस्ट तोलायचा काटा मागवला, त्याच मापाचा कोरा मोजा तोलला आणि मग सापडलेला तुकडा धुऊन, पुसून तोलला. कोरा ३८ ग्रॅम, सापडलेला २१. टाकीच्या तळाशी गाळणी लावून पाहिली, पण तिथे काही मिळाले नाही. १७ ग्रॅम समुद्रात गेले.

गार्बेज रेकॉर्ड बुकात मी नोंद केली: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, प्लास्टिकचा वर्ग, अंदाजे प्रमाण, कारण, आणि ते रोखण्यासाठी काय केले. प्रत्येक पानावर कॅप्टनची सही लागते. त्यांनी एकही प्रश्न न विचारता केली, याबद्दल त्यांच्याविषयी मला आदर आहे. दुपारी कार्यालयातून फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी सौम्य शब्दांत सुचवले की, मोज्याचा तुकडा जहाजावरच सापडला आहे, तर ‘मोजा यंत्रात अडकला, जहाजावर परत मिळवला’ असे लिहिणे अधिक नेमके होणार नाही का? मी त्यांना दोन्ही वजने सांगितली. काही क्षण शांतता होती, मग ते म्हणाले की ठीक आहे.

त्यांची भीती मला कळते. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने तेलकट पाणी चोरवाटेच्या पाइपने समुद्रात जात असल्याचे उघड केले. २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीने गुन्हे कबूल केले आणि ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या इंजिनिअरला न्यायालयाने १० लाख डॉलर दिले. २०१९ मध्ये प्रिन्सेसची मालक कंपनी असलेल्या कार्निव्हलला त्या शिक्षेबरोबर घातलेल्या देखरेखीच्या अटी मोडल्याबद्दल आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले, आणि त्या उल्लंघनांत बहामाच्या पाण्यात अन्नकचऱ्याबरोबर प्लास्टिक सोडल्याचाही समावेश होता. तेव्हापासून प्रत्येक कंपनीत हा विषय निघाला की सगळे खुर्चीत सावरून बसतात.

मी तीन पानी अहवाल दिला. दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले की संबंधित कर्मचाऱ्याने चार मिनिटांत वरिष्ठाला कळवले, आणि पुढे कोणी विचारले नसतानाही तो स्वतः माझ्याकडे आला. शेवटी तीन मागण्या केल्या: पल्परजवळ दोन माणसे, काच वेगळी काढायला स्वतंत्र जागा, आणि पंप थांबवण्याचा अधिकार पन्हळीसमोरच्या माणसाला. पाच आठवड्यांनी निकाल आला. सुपरवायझरला लेखी ताकीद. पोराचे कॉन्ट्रॅक्ट पूर्ण होऊ दिले, पण पुढच्या यादीत त्याचे नाव नव्हते. कारण म्हणून ‘संरक्षक साहित्याच्या वापरात निष्काळजीपणा’. मोज्यांचा रंग बदलून भडक नारिंगी करण्यात आला. माझ्या तीन मागण्यांपैकी काचेची जागा मिळाली.

अहवालात नाव लिहिणे बंधनकारक होते, आणि मी लिहिले. ते न लिहिता चालले असते का, हा विचार मी शेकडो वेळा केला आहे. नाव वगळले असते तर जो प्रामाणिकपणा दाखवायचा होता, तोही कागदावर आला नसता.

त्याच रात्री आमच्या जहाजाने कायदेशीरपणे काय काय सोडले, तेही मी वहीतूनच सांगू शकतो. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१ टक्का झाली आहे. ज्यांना महाग इंधन नको, ते जड तेल जाळून धुराड्यातला धूर समुद्राच्या पाण्याने धुतात, म्हणजे स्क्रबर वापरतात. उघड्या पद्धतीच्या स्क्रबरला दर मेगावॅट-तासाला साधारण ४५ घनमीटर पाणी लागते. वीस मेगावॅटवर चालणारे जहाज तासाला ९०० घनमीटर आम्लधर्मी, धातूंचे अंश असलेले पाणी परत समुद्रात सोडते. डेन्मार्क आणि स्वीडनने आपल्या हद्दीत १ जुलै २०२५ पासून यावर बंदी घातली. नॉर्वेने गैरांगरसारख्या जागतिक वारसा फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) ते त्याआधीच थांबवले. आमच्या मार्गावर बहुतांश भागात ते चालते, त्याची नोंद होते, आणि त्यासाठी कोणाचे कॉन्ट्रॅक्ट थांबत नाही. मोजा गेला हे चूकच, त्याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ज्या काट्याने मी १७ ग्रॅम तोलले, त्याच्या दुसऱ्या पारड्यात हे पाणी कोणी ठेवत नाही, आणि ते ठेवायला लावण्याइतका अधिकार माझ्या गणवेशावरच्या तीन पट्ट्यांना नाही.

गेल्या महिन्यात मी सुट्टीवर घरी असताना पोराचा फोन आला. दुसऱ्या एका कंपनीच्या मुंबईतल्या एजंटने अर्जात आधीची नोकरी का सुटली, ते लिहायला सांगितले होते. मी कंपनीकडे त्याच्यासाठी शिफारसपत्र मागितले, तर जहाजाच्या लेटरहेडवर व्यक्तिगत पत्र देता येत नाही, असे उत्तर आले. म्हणून मी साध्या कोऱ्या कागदावर लिहिले. त्यात विशेषणे घातली नाहीत. त्या रात्रीची तारीख लिहिली. २२:३६ ला त्याने यंत्र थांबवले, २२:४० ला वरिष्ठाला सांगितले, पहाटे ५:४५ ला कोणी न बोलावता तो माझ्याकडे आला, एवढे लिहिले, आणि खाली माझे नाव, हुद्दा व सर्टिफिकेटचा नंबर घातला. दुसऱ्या दिवशी तो मालवणहून एसटीने आला, पत्र उभ्याउभ्याच दोनदा वाचले, घडी न घालता वहीत सरळ ठेवले, आणि परतीची गाडी गाठायची आहे म्हणून चहा न घेताच निघाला.