इशापूर रायफलींचा संग्रह : लिलावातील खरेदी आणि त्यानंतरचे काम

मागच्या नोंदीनंतर माझ्या संग्रहात दोन रायफलींची भर पडली आहे. पहिली इशापूरची ७.६२ मिमीची २ए१ आणि दुसरी १९४२ सालची .३०३ क्रमांक १ मार्क ३* ही होय. दोन्ही मी ऑनलाइन लिलावात घेतल्या. हुगळीकाठच्या इशापूर कारखान्यात तयार झालेल्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश धाटणीच्या लष्करी रायफली एवढाच माझ्या संग्रहाचा विषय आहे, आणि अमेरिकेत ओहायोसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला त्या दुकानात क्वचितच पाहायला मिळतात, त्यामुळे लिलावाला पर्याय नाही. या नोंदीत खरेदीचा निर्णय कसा केला आणि माल घरी आल्यावर काय निघाले ते लिहितो.

आधी कायद्याचे थोडे, कारण ‘आपल्याला तेथे बंदूक घेता येते का?’ हाच मराठी मंडळींचा नेहमी पहिला प्रश्न असतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीस अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे हा त्यातला एक मर्यादित अपवाद आहे. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना खरेदी करता येते. ‘ऑनलाइन’ या शब्दामुळे बंदूक परस्पर घरपोच येते असा अनेकांचा समज होतो, पण १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार दुसऱ्या राज्यातून घेतलेली बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडेच पोहोचते, आणि तेथे जाऊन ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून पार्श्वभूमी तपासणी झाल्यावरच ती हातात पडते. भारतात १९५९चा शस्त्र कायदा, परवान्याची पद्धत आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मुभा, यांमुळे असा संग्रह सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे; म्हणून पुढचे सारे अमेरिकेपुरतेच समजावे.

संग्राहकांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे. ‘क्युरिओ अँड रेलिक’ हा तिसऱ्या प्रकारचा संघीय परवाना तीन वर्षांसाठी ३० डॉलरना मिळतो. ज्या शस्त्राला ५० वर्षे पूर्ण झाली आहेत आणि जे मूळ स्वरूपात आहे, ते या परवान्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट आपल्या नोंदणीकृत पत्त्यावर मागवता येते. त्या बदल्यात प्रत्येक आवक-जावक वहीत लिहावी लागते, आणि ती वही तपासण्याचा अधिकार सरकारकडे असतो. पन्नास वर्षांची ही अट दरवर्षी पुढे सरकते, ही इशापूरच्या संग्राहकाला मोठी सोय आहे, कारण २ए१ रायफली १९६०च्या दशकात निघू लागल्या आणि एकेक वर्षाचे उत्पादन ओळीने या वर्गात येत गेले. ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. कोणी हौशीने पुढचे लाकूड कापून शिकारी रायफल केली असेल, तर ती कितीही जुनी असली तरी तिला ही सवलत मिळत नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियमही याहून कडक आहेत.

लिलावाचे सर्वांत मोठे ठिकाण गनब्रोकर. ईबेने १९९९मध्ये बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी हे सुरू झाले. येथे एकवार, दोनवार, तीनवार म्हणून हातोडा पडत नाही. शेवटच्या १५ मिनिटांत कोणी बोली लावली तर मुदत पुढे सरकते, आणि सलग १५ मिनिटे नवी बोली आली नाही तरच लिलाव मिटतो. त्यामुळे अखेरच्या सेकंदाला बोली मारून माल पळवण्याची युक्ती येथे चालत नाही. आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवावी. प्रणाली गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. काही लिलाव एका सेंटपासून राखीव किमतीशिवाय सुरू होतात आणि त्यांवर गर्दी उसळते. माझ्या पाहण्यात अशा लिलावांची अंतिम किंमत बाजारभावापेक्षा कमी राहिलेली नाही. उलट स्वस्तात मिळेल या आशेने आलेली माणसे ईर्षेला पेटतात आणि किंमत चढवतात. मला तरी ज्यांची सुरुवातीची बोली वाजवी आहे आणि ज्यांकडे फारसे कोणी फिरकलेले नाही, असे लिलाव बरे वाटतात.

खरे काम बोली लावण्यापूर्वीचे आहे, आणि ते छायाचित्रे वाचण्याचे आहे. मी स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे : ज्या भागाचे छायाचित्र नाही तो भाग खराब आहे असे धरून किंमत ठरवायची. विक्रेत्याने ‘नळी चांगली’ असे लिहिले तर ते त्याचे मत झाले. नळीत प्रकाश सोडून घेतलेले चित्र हा पुरावा. याच्या अगदी उलट रीत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेच्या लिलावांत दिसते. ते लोक गॅरंड ही जुनी अमेरिकी लष्करी रायफल लिलावात ठेवताना नळीच्या दोन्ही टोकांची झीज मापकाने मोजून आकडे देतात. खासगी विक्रेत्याकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही, पण नम्रपणे लिहिले तर बहुतेक जण आणखी चार चित्रे पाठवतात. जो पाठवत नाही त्याचा लिलाव मी सोडून देतो.

ली-एनफिल्डमध्ये काय पाहावे ते थोडक्यात सांगता येणार नाही. बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीच्या मागच्या कोठीत ढकलून ती बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीमागे उजव्या बाजूला जो पोलादी भाग असतो त्यावर मुकुट, त्याखाली ‘जी.आर.आय.’ (जॉर्ज, राजा आणि सम्राट) ही अक्षरे, मग इशापूर, साल आणि मॉडेल असा छाप असतो. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’ (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरे येतात. क्रमांक बॉडीवर असतो, तोच बोल्टच्या मुठीवर, नळीवर, मागच्या साइटच्या (नेम धरण्याच्या खुणेच्या) पट्टीखाली आणि नाकाकडील, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाच्या, धातूच्या टोपीवर असायला हवा. यांपैकी बोल्टचा क्रमांक जुळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण क्रमांक १ रायफलीचा बोल्ट हाताने घासून बसवलेला असतो, आणि नंतरच्या क्रमांक ४ मॉडेलच्या रायफलीप्रमाणे वेगवेगळ्या मापांची क्रमांकित बोल्टमुंडकी येथे मिळत नाहीत. बोल्ट परका निघाला तर हेडस्पेसचा, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातील मोकळ्या जागेचा, प्रश्न उभा राहतो.

भारतातून आलेल्या मालात आणखी एक बाब असते. पुष्कळ रायफलींना धातूवर काळा रंग चढवलेला असतो. दिसायला तो रंग छान दिसतो, पण त्याखाली गंजाचे खड्डे लपलेले असू शकतात, विशेषतः लाकडाच्या कडेलगत, जेथे पावसाळ्याची ओल साचून राहते. म्हणून लाकूड आणि धातू जेथे मिळतात त्या रेषेचे जवळून घेतलेले चित्र मी हटकून मागतो. पुढच्या लाकडात आरपार गेलेला आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नये. लाकूड फाटू नये म्हणून केलेली ती इशापूरची नेहमीची सोय आहे आणि संग्राहकाला ती ओळखीची खूणच वाटते. नळी आणि पुढचे लाकूड यांभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असतील तर ती रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी तयार केलेली होती. आणि ‘डी.पी.’ ही अक्षरे दिसली तर ती कवायतीची रायफल होय. भिंतीवर शोभेल, पण तिच्यातून गोळी झाडू नये. एन.सी.सी.त .३०३ खांद्यावर घेऊन उभे राहिलेल्यांना तिचे वजन आठवत असेलच.

२ए१च्या बाबतीत पहिली नजर मॅगझिनकडे टाकावी. तिचे मॅगझिन १२ गोळ्यांचे आणि चौकोनी ठेवणीचे असते, .३०३च्या तिरक्या १० गोळ्यांच्या मॅगझिनपेक्षा लगेच वेगळे ओळखू येणारे. ते हरवले असेल तर सुटे मिळवायला चांगले पैसे पडतात. मागच्या साइटवर ८०० मीटरपर्यंतच्या खुणा असल्या की २ए१, २००० पर्यंतच्या असल्या की आधीची २ए. विक्रेते दोन्ही नावे सर्रास उलटसुलट वापरतात, त्यामुळे शीर्षकावर न जाता साइटचे चित्र पाहावे.

मधल्या काळात एक .४१० मस्केटही नजरेत भरली होती. भारतात पोलीस दलासाठी .३०३ रायफलीची नळी गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून या एकबारी बंदुका केल्या गेल्या. वस्तू म्हणून ती अतिशय रोचक आहे. अडचण अशी की तिचे मूळ काडतूस .३०३च्याच कवचापासून बनवलेले होते, त्यामुळे कोठी नंतर कोणी कोरून मोठी केलेली नसेल तर आजची .४१०ची काडतुसे तिच्यात बसत नाहीत. कोठी कोरली आहे की नाही हे विक्रेत्याला सांगता येईना, आणि बोली तर सुस्थितीतील रायफलीच्या किमतीला पोहोचली. मी माघार घेतली. पुन्हा योग आला तर पाहू.

१९४२च्या रायफलीची कमाल बोली ठरवताना मी बाजारभावापासून सुरुवात केली आणि एकेक गोष्ट वजा करत गेलो. नाकाकडील टोपीचा क्रमांक जुळत नव्हता, पण त्याने नेमबाजीत फरक पडत नाही, म्हणून थोडेच कमी केले. नळीच्या टोकाचे चित्र तिरके होते, त्यामुळे तेथे झीज आहे असे गृहीत धरून बरेच कमी केले. ब्रिटिश पद्धतीत नळी दोरीने ओढून साफ करत, आणि वर्षानुवर्षे एकाच बाजूने ओढलेल्या दोरीने टोक लंबगोल होते. शेवटी पाठवणीचा खर्च आणि विक्रीकर वजा केला. उरली ती माझी बोली, आणि ती लावून मी संगणक बंद केला. या छंदात खिसा रिकामा होतो तो शेवटच्या पंधरा मिनिटांत.

ही १९४२ची रायफल आली ती कॉस्मोलीनने, म्हणजे गंज रोखणाऱ्या घट्ट ग्रीसने, माखलेली. परत पाठवण्यासाठी सहसा तीनच दिवस मिळतात आणि त्या काळात गोळी झाडायची नसते, म्हणून सर्वांत आधी नळी पुसून टॉर्चने पाहिली. नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) ठळक होते, पृष्ठभाग किंचित धुरकट. टोक गोलच निघाले, म्हणजे चित्रातला संशय खोटा ठरला. हेडस्पेसची मापे लावून पाहिली : .०६४ इंचाच्या किमान मापावर बोल्ट बंद झाला, .०७४च्या फील्ड, म्हणजे कमाल मर्यादेच्या, मापावर झाला नाही, म्हणजे अंतर ठीक आहे. ज्यांच्याकडे ही मापे नाहीत त्यांनी बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

रायफल उघडताना एक क्रम पाळावाच लागतो, आणि तो न कळल्याने अनेक चांगल्या रायफलींचे लाकूड फुटलेले लिलावांत दिसते. आधी पुढचे लाकूड काढायचे, मगच मागचा दस्ता रायफलीला जोडणारा लांब बोल्ट (हा वरच्या सरकत्या बोल्टपेक्षा वेगळा) फिरवायचा. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका पट्टीत अडकलेले असते; लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर पट्टीबरोबर लाकूडही चिरते. वापरलेली रायफल पाहताना पुढच्या लाकडाच्या मागील टोकाशी चीर आहे का हे शोधण्याचे कारणही हेच. लाकडाला पॉलिशकागद लावला नाही, कारण त्याने तपासनिसांचे छाप पुसले जातात. फक्त चिकटा काढून कच्चे जवसाचे तेल हाताने चोळले, पातळ थरांत, प्रत्येक थर मुरू देऊन. रंग आता तांबूस तपकिरी झाला आहे.

लिलावात रायफलीबरोबर कापडी पट्ट्यातील काही काडतुसेही होती, आणि त्यांच्या तळावर ‘के.एफ.’ हा छाप निघाला. के.एफ. म्हणजे आपली खडकी, १८६९पासून चालत आलेला पुण्याजवळचा दारूगोळा कारखाना. पुण्यात वाढलेल्या माणसाला एवढ्या दूर तो छाप दिसल्यावर काय वाटले ते वेगळे सांगायला नको. ही काडतुसे मी झाडणार नाही. ती संग्रहातच राहतील. जुन्या लष्करी काडतुसांच्या तळातील, दारू पेटवणाऱ्या टोपीतील क्षार नळीला गंज आणतात, आणि ती वापरलीच तर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओतावे लागते. नुसत्या तेलाने क्षार विरघळत नाहीत.

नेमबाजीच्या मैदानावर नव्या व्यापारी काडतुसांनी १०० यार्डांवर पाहिले तेव्हा गोळ्या एकमेकींजवळ पडल्या, पण नेमाच्या सुमारे पाच इंच वर. यात नवल नाही, कारण मागच्या साइटची सर्वांत खालची खूणच २०० यार्डांची आहे. पुढच्या साइटचे पाते उंच केले की मारा खाली येतो. ही पाती .०१५ इंचाच्या टप्प्यांनी मिळतात, आणि दोन साइटमधील अंतर साडेएकोणीस इंचांच्या आसपास असल्याने एका टप्प्याला १०० यार्डांवर पावणेतीन इंचांचा फरक पडतो. म्हणजे मला सध्याच्या पात्यापेक्षा दोन टप्पे उंच पाते हवे. सुट्या भागांच्या लिलावांत ती मिश्र मापांच्या पुड्यांत येतात आणि मापाचा छाप चित्रात क्वचितच वाचता येतो, म्हणून एका विक्रेत्याला पात्यांच्या कडेचे जवळून चित्र पाठवायला सांगितले आहे.